चेंबरमध्ये उतरणाऱ्याच्या खिशात सेन्सर कधी येणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थाच्या कामांच्या बातम्या आपल्या पेपरात रोज येतायत, घाट, रस्ते, पूल, ड्रेनेजच्या लाईनी, एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं, सगळं वाचतो. आणि मधूनच आतल्या पानावर ती दुसरी बातमी असते, कधी आपल्या जिल्ह्यातली, कधी बाहेरची, की सेप्टिक टँक साफ करायला एक जण उतरला, चक्कर येऊन पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. गाव बदलतं, नावं बदलतात, बाकी मजकूर तोच. मी सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये गॅस डिटेक्टर बसवायचं आणि कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्यांचं रीडिंग बरोबर आहे का ते तपासून जुळवायचं, काम करतो, त्यावरच घर चालतं, त्यामुळे अशी बातमी वाचली की डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो, त्याच्या अंगावर सेन्सर होता का? बातमीत ते लिहिलेलं नसतं, कारण बहुतेक वेळा नसतोच.

माझं म्हणणं असं आहे की खाली उतरणाऱ्या माणसाच्या शर्टाला लागेल असा, बॅटरीच्या एका सेलवर महिनोन्महिने चालू राहणारा, छोटा सॉलिड स्टेट, म्हणजे आत पातळ द्रव नसलेला, गॅस सेन्सर आपल्या नाशिकमध्ये जोडला जाऊ शकतो, तपासला जाऊ शकतो, आणि सिंहस्थाची ड्रेनेजची एवढी कामं चालू असताना त्याला हात घातला नाही तर मग कधी घालणार.

आधी गॅसचं सांगतो कारण त्याच्याबद्दल खूप गैरसमज आहेत. ड्रेनेजच्या चेंबरमधला मुख्य मारेकरी हायड्रोजन सल्फाईड. सडक्या अंड्याचा तो वास एक पीपीएमच्या आतसुद्धा नाकाला कळतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागात एक भागही नाही, म्हणून लोकांना वाटतं की वास आला की समजेलच की. पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, वास यायचा बंद होतो, आणि आतल्या माणसाला वाटतं गॅस निघून गेला, आता मोकळं झालं. नेमकी हीच १०० पीपीएम पातळी अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेने जिवाला तात्काळ धोका म्हणून ठरवलेली आहे. हजाराच्या जवळ गेलं तर एक-दोन श्वासात माणूस कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. वरच्यांना वाटतं पाय घसरून पडला, आणि ते उडी मारतात. त्याच नायोशने १९८६ मध्ये बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंबद्दल लिहून ठेवलंय की मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला उतरलेले होते.

दुसरी गोष्ट, झाकण तासभर उघडं ठेवलं, वरून मीटर सोडून बघितला, शून्य आलं, म्हणजे काम झालं असं अजिबात नाही. गॅस गाळात अडकून बसलेला असतो. माणूस खाली गेला, गाळात पाय ठेवला, फावडं घातलं की तो बुडबुड्यांनी वर येतो, आणि हायड्रोजन सल्फाईड हवेपेक्षा जड, तो तिथेच कमरेएवढ्या उंचीवर साठून राहतो. वाकून काम करणाऱ्याचं नाक बरोब्बर त्याच्यात. म्हणून मोजणी उतरायच्या आधी पाहिजेच पण उतरल्यावर सुद्धा, प्रत्येक सेकंदाला, त्याच माणसाच्या छातीजवळ पाहिजे.

विहिरीचं वेगळं. सिन्नर, येवला, चांदवडकडे उन्हाळ्यात गाळ काढायला किंवा खोदायला लोक उतरतात, पाणी उपसायला इंजिनच आत उतरवतात आणि त्याचा धूर आतच राहतो. त्यातला कार्बन मोनॉक्साईड, ना रंग ना वास. उतरायच्या आधी कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे, ज्योत विझली तर ऑक्सिजन नाही एवढं कळतं, ते चांगलंच आहे, पण कार्बन मोनॉक्साईड माणूस मारण्याइतका असला तरी कंदील छान तेवत राहतो, आणि सेप्टिक टँकवर तर कंदील नेऊच नये, तिथे मिथेन असतो, हवेत ५ टक्के झाला की पेटतो. हाच कार्बन मोनॉक्साईड थंडीत बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळेही माणसं मारतो. वायनरीत फर्मेंटेशनच्या वेळी एक लिटर द्राक्षरसातून ४०-५० लिटर कार्बन डायऑक्साईड निघतो आणि टाक्यांच्या तळाशी बसतो. बर्फाच्या फॅक्टऱ्या आणि कोल्ड स्टोरेजला अमोनिया, पाण्याच्या फिल्टरेशन प्लांटला क्लोरीन. म्हणजे हा एकट्या ड्रेनेजचा विषय नाहीये, जिल्हाभर पसरलेला विषय आहे.

मग सेन्सर नाहीत का बाजारात? आहेत की. कारखान्यात आम्ही जे फोर गॅस मीटर, म्हणजे एकाच वेळी चार गॅस मोजणारे मीटर, वापरतो ते उत्तम असतात, पण किंमत हजारोंमध्ये, आणि त्यातले हायड्रोजन सल्फाईडचे, कार्बन मोनॉक्साईडचे गॅस ओळखणारे सेल इलेक्ट्रोकेमिकल असतात, आत इलेक्ट्रोलाईट नावाचा पातळ द्रव असतो, तो दोन-तीन वर्षात संपतो, आणि कोरड्या कडक उन्हात गाडीच्या डिकीत मीटर पडून राहिला तर त्याच्या आधीच सुकतो. परत नवा सेल, परत खर्च. मोठी कंपनी करते, ठेकेदार करत नाही. सेप्टिक टँकवाला ट्रॅक्टर घेऊन फिरणारा माणूस तर कुठून करणार.

दुसऱ्या टोकाला शंभर-दीडशे रुपयात ऑनलाईन मिळणारे टिन ऑक्साईडचे सेन्सर. याची गोष्ट खरंतर फार छान आहे. जपानमध्ये नाओयोशी तागुची या माणसाने १९६२ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिथे घरोघरी सिलिंडर आले आणि गळतीने स्फोट व्हायला लागले होते, त्यावर उपाय म्हणून. काम कसं चालतं तर टिन ऑक्साईडचा थर गरम करतात, साधारण २०० ते ४०० डिग्री, हवेतला ऑक्सिजन त्याच्यावर चिकटून बसतो आणि थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो म्हणून रेझिस्टन्स वाढतो, आता जळणारा गॅस आला की तो त्या ऑक्सिजनशी रिॲक्ट होतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रेझिस्टन्स खाली येतो. पाणी नाही, इलेक्ट्रोलाईट नाही, सुकायला काही नाही, सगळं घन. म्हणून सॉलिड स्टेट. वर्षानुवर्षं टिकतो.

अडचण त्या गरम करण्यात आहे. इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टला जो सेन्सर वापरतात त्याचा हीटर पाऊण वॉटच्या आसपास खातो. हिशोब करून बघा, टॉर्चमध्ये येतो तो लिथियमचा चांगला सेल साधारण साडेनऊ वॉट-तास देतो, म्हणजे बारा-तेरा तासात सेल रिकामा, आणि यात अजून बझर नाही, चिप नाही, डिस्प्ले नाही. कार्बन मोनॉक्साईडसाठी जो एमक्यू-७ सगळे वापरतात त्याला तर कंपनीच्याच डेटाशीटप्रमाणे ६० सेकंद पाच व्होल्टवर तापवायचं, मग ९० सेकंद १.४ व्होल्टवर ठेवायचं, तेव्हा कुठे एक नीट रीडिंग. अडीच मिनिटाला एक! चेंबरमध्ये अडीच मिनिटं कोणाकडे आहेत. शिवाय नवीन सेन्सर एक-दोन दिवस सलग तापवल्याशिवाय स्थिरच होत नाही.

कमी ऊर्जा म्हटलं की लोकांना वीजबिल आठवतं. इथे बिलाचा संबंधच नाही. कामगाराने सकाळी पाचला सिडकोत घर सोडलं, रात्री चार्जिंगला लावायचं विसरला, गावाकडे तर लाईटच नव्हती, तरी तो सेन्सर त्या क्षणी चालू असला पाहिजे, यासाठी कमी ऊर्जा. जो डबा रोज चार्ज करावा लागतो तो महिन्याभरात ठेकेदाराच्या कपाटात जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि अजून एक, मिथेन असलेल्या जागी तुम्ही ३०० डिग्रीचा हीटर घेऊन जाताय, त्याच्यावर जाळी असते, पण जितकी ऊर्जा कमी तितकं ते उपकरण ठिणगीच्या दृष्टीने सुरक्षित करणं सोपं, आणि नागपूरच्या पेसो ऑफिसकडून, म्हणजे स्फोटाच्या धोक्याची सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडून, त्याची मान्यता घेताना हाच भाग सगळ्यात जास्त तपासला जातो.

आता आनंदाची बाजू. गेल्या वीस-पंचवीस वर्षात या हीटरच्या प्रश्नावर जगभर आणि आपल्याकडे भरपूर काम झालंय. एक रस्ता म्हणजे हीटरच इतका बारीक करायचा की सिलिकॉनच्या चिपवर केसापेक्षा पातळ पडदा, त्याच्यावर हीटर, त्याच्यावर टिन ऑक्साईड. तो काही मिलिसेकंदात तापतो आणि तितक्याच पटकन गार होतो. वीस मिलिवॉट धरा, आणि दर दहा सेकंदात एक सेकंदच चालवा, सरासरी दोन मिलिवॉट. तोच साडेनऊ वॉट-तासाचा सेल नुसत्या सेन्सरला सहा महिने पुरतो, बाकीचं सर्किट धरून निम्मे धरा. उतरल्यावर मोड बदलून सेकंदा-सेकंदाला मोजायला लावता येतं. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये (भारतीय विज्ञान संस्था) नॅनो सायन्सचं सेंटर आहे, तिथे अशा मायक्रो हीटरवरच्या गॅस सेन्सरवर काम झालेलं आहे.

दुसरा रस्ता मला स्वतःला जास्त आवडतो, मटेरियलच असं निवडायचं की त्याला फार गरमच करावं लागत नाही. हायड्रोजन सल्फाईडसाठी मुंबईच्या बीएआरसीसारख्या (भाभा अणुसंशोधन केंद्र) ठिकाणी झालेलं काम बघा. टिन ऑक्साईडच्या पातळ थरावर कॉपर ऑक्साईडचे बारीक कण. दोघांच्या सांध्यावर करंटला अडथळा तयार होतो, म्हणून साध्या हवेत रेझिस्टन्स प्रचंड असतो. हायड्रोजन सल्फाईड आला की कॉपर ऑक्साईडचं कॉपर सल्फाईड होतं, ते धातूसारखं करंट वाहून नेतं, अडथळा गायब, रेझिस्टन्स धाडकन खाली. परत स्वच्छ हवा मिळाली की सल्फाईडचं पुन्हा ऑक्साईड. तांब्याचं गंधकाशी जे नातं आहे तेच वापरलंय, त्यामुळे इतर गॅसला तो फारसा फसत नाही. साध्या टिन ऑक्साईडला हात धुवायचं सॅनिटायझर सुद्धा फसवतं, तिथे हा फरक फार मोठा आहे.

२००० साली कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर आणि २००७ साली ग्राफिन म्हणजे कार्बनच्या अतिपातळ थरावर अगदी साध्या खोलीच्या तापमानाला गॅस पकडून दाखवला गेला, अमोनियासाठी पॉलिअ‍ॅनिलिनसारखे करंट वाहणारे प्लास्टिक आहेत. मात्र हे सगळं वाचून लगेच उड्या मारायला नको. गरम न केलेल्या सेन्सरवर गॅस चिकटला की सुटायला वेळ लावतो, एकदा अलार्म वाजला की बराच वेळ रीडिंग खाली येत नाही, त्यासाठी छोट्या अल्ट्राव्हायोलेट एलईडीचा उजेड टाकून तो सोडवायचे प्रयोग झालेत. आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे दमट हवा. लॅबमध्ये कोरड्या हवेत सुंदर ग्राफ येतो, चेंबरमध्ये ओलावा शंभर टक्क्यांच्या जवळ, भिंतींना पाणी सुटलेलं, आणि ग्राफ कुठल्या कुठे. ऑक्सिजन कमी आहे का आणि कार्बन डायऑक्साईड किती हे तर या सेन्सरला सांगताच येत नाही, कार्बन डायऑक्साईडला इन्फ्रारेडवाला लागतो, ऑक्सिजनला वेगळा. म्हणून वायनरीवाल्यांनी टिन ऑक्साईडचा डबा लावून निर्धास्त होऊ नये ही विनंती.

आपल्याकडे या विषयातली माणसं नाहीत असं कोणी म्हणू नका. अमळनेरच्या प्रताप कॉलेजमध्ये फिजिक्सवाल्यांनी थिक फिल्म गॅस सेन्सरवर, म्हणजे पट्टीवर पेस्टचा थर छापून बनवलेल्या सेन्सरवर, कितीतरी वर्षं काम केलंय, पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या मटेरियलवर काम करणारी सी-मेट ही सरकारी संस्था आहे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांमध्येही पोरं यावर पीएचडी करतात. पेस्ट बनवतात, स्क्रीन प्रिंट करतात, भट्टीत भाजतात, काचेच्या डोममध्ये गॅस सोडून रीडिंग घेतात, पेपर छापून येतो, आणि पट्टी ड्रॉवरमध्ये. पुढे काय? पुढचं कुणाचं कामच नाही, कॉलेजचं नाही, कंपनीचं नाही, महापालिकेचं नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण पट्टी ते खिशातला डबा हे अंतर आपल्या अंबडमधल्या कारखान्यांना जड नाहीये, इथे स्विचगिअर बनतात, पॅनल बनतात, पीसीबी असेंब्ली होते, मोल्डिंग होतं.

अजून एक प्रसंग सांगतो, म्हणजे नुसता डबा विकत घेऊन का भागत नाही ते कळेल. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, एलईएलचे डिटेक्टर लावलेले (एलईएल म्हणजे गॅस पेटायला हवेत लागणारं किमान प्रमाण, मिथेनसाठी ते ५ टक्के), पॅनलवर सगळीकडे हिरवा दिवा आणि रीडिंग शून्य. मी स्पॅन गॅसचं, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेल्या गॅसचं, सिलिंडर लावलं, रेग्युलेटर, नळी, कप सेन्सरवर बसवला, अडीच टक्के मिथेन, म्हणजे पन्नास टक्के एलईएल दिसायला पाहिजे. आकडा हललाच नाही. एक मिनिट, दोन मिनिटं, शून्यच. दुसऱ्यावर लावला, तीन-चारवर जाऊन थांबला. कारण काय निघालं तर शेजारी मोल्डला सिलिकॉन स्प्रे मारायचे, सिलिकॉनने त्या सेन्सरच्या कॅटॅलिस्टला विषबाधा होते आणि तो कायमचा मरतो, पण मेलेला सेन्सर शून्यच दाखवतो आणि शून्य म्हणजे सगळं ठीक असंच सगळे समजत होते. तिथला ऑपरेटर म्हणाला, साहेब आम्ही तर रोज रजिस्टरमध्ये शून्य लिहितो. त्याची काय चूक. त्याला बंप टेस्ट, म्हणजे सेन्सरवर थोडा गॅस सोडून तो जागा आहे का बघायची चाचणी, करायला ना सिलिंडर दिलं होतं ना कुणी शिकवलं होतं.

त्यामुळे माझी महापालिकेकडे आणि निमा, आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांकडे मनापासून मागणी आहे. पहिलं म्हणजे माणूस उतरवूच नका, हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूला १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख भरपाई सांगितलीय, मशीन वापरा. पण सांडपाणी उपसायच्या पंप वेलमध्ये बिघाड दुरुस्त करायला, टाकीत, विहिरीत माणूस जातोच, आणि सिंहस्थाच्या कामात ठेकेदाराचे ठेकेदार असणार, तिथे टेंडरमध्ये नुसतं 'सुरक्षा साधने पुरवावीत' असं लिहून चालणार नाही. अंगावर चालू सेन्सर, रोज उतरायच्या आधी बंप टेस्ट, तिचा मोबाईलवर फोटो, आणि ते नसेल तर बिल थांबवायचं, असं स्पष्ट लिहा.

दुसरं, तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, यापैकी एखाद्या एसटीपीवर एक कोपरा आणि एक चेंबर कॉलेजांना सेन्सर टेस्टिंगसाठी द्या. खर्च काहीच नाही. शेजारी चांगला कॅलिब्रेट केलेला मीटर ठेवा, आणि पोरांनी बनवलेले सेन्सर एक अख्खा पावसाळा तिथे लटकू द्यात, जून ते सप्टेंबर. गॅस नसताना कोणाचं शून्य रीडिंग सरकतं, कोणाला गंज लागतो, कोण दमट हवेत खोटा अलार्म देतो, सगळं बाहेर येईल. लॅबमधल्या दहा ग्राफपेक्षा त्या एका पावसाळ्याचा डेटा जास्त किंमतीचा आहे. जे टिकतील त्यांच्यासाठी अंबड-सातपूरच्या उद्योजकांनी पुढे यावं, पेसोच्या मान्यतेचा खर्च एकट्या छोट्या कारखान्याला झेपत नाही, तो संघटनेने मिळून उचलावा.

आणि तिसरं, यातलं सगळ्यात स्वस्त आणि उद्याच करता येण्यासारखं, एक सामायिक बंप टेस्ट सेंटर. चार गॅसचं मिश्रण असलेलं सिलिंडर येतं, १०० पीपीएम कार्बन मोनॉक्साईड, २५ पीपीएम हायड्रोजन सल्फाईड, अडीच टक्के मिथेन, १८ टक्के ऑक्सिजन, एका सिलिंडरमध्ये पुष्कळ टेस्ट होतात. सेप्टिक टँकवाले, विहीरवाले, छोटे ठेकेदार, कोणीही मीटर घेऊन यावं, दोन मिनिटात चेक करून न्यावं, फुकट. आता जे मीटर लोकांकडे पडलेत त्यातले किती जिवंत आहेत हे तरी कळेल. अशी जागा सातपूर किंवा अंबडमध्ये कुणी उपलब्ध करून दिली तर रेग्युलेटर, कप, नळ्या माझ्याकडे आहेत, दर रविवारी सकाळी मी येऊन बसायला तयार आहे, आणि ठेकेदारांच्या माणसांना बंप टेस्ट कशी करायची ते शिकवीन. संबंधितांना माझा पत्ता आपल्या कार्यालयातून द्यायला माझी हरकत नाही.

आपला,
एक गॅस डिटेक्टर टेक्निशियन,
सातपूर, नाशिक